झाशीच्या राणीला घोड्यावरून उतरू द्या

प्रति,
इतिहास विषय समिती, बालभारती, पुणे



झाशीच्या राणीचे चित्र काढ म्हटले तर आपल्याकडचे कोणतेही मूल पुस्तक न उघडता काढील. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, पाठीला बांधलेला दामोदर. पुतळ्यांनी, कॅलेंडरांनी, गॅदरिंगमधल्या वेशभूषांनी आणि सिनेमांनी हे चित्र इतके पक्के केले आहे की राणी लक्ष्मीबाई कधी याहून वेगळ्या दिसत असतील, हे मनातच येत नाही. खरे तर हे चित्र एका रात्रीचे आहे. सर ह्यू रोजच्या फौजेने झाशी शहर घेतल्यावर ४ एप्रिल १८५८ च्या रात्री बाईसाहेब किल्ल्यातून निसटल्या, त्या रात्रीचे. पुढे कोंच, काल्पी, ग्वाल्हेर, कोटा-की-सराय. जूनचा तिसरा आठवडा उजाडायच्या सुमारास सगळे आटोपले होते. त्याआधीची चार वर्षे आणि काही महिने मात्र राणी घोड्यावर नव्हत्या. त्या खलिते पाठवत होत्या, वकील बोलावत होत्या, तहाची कलमे काढून दाखवत होत्या, आणि शेवटचे काही महिने प्रत्यक्ष राज्य चालवत होत्या. इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासाने आणि आपण जपलेल्या इतिहासाने ही वर्षे दोन ओळींत उरकली. दोघांची कारणे वेगळी, पण सोय दोघांचीही झाली. पुस्तकांची पुढची सुधारणा कराल तेव्हा ही सोय मोडावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी त्या खलित्यांत होते काय ते पाहू. २० नोव्हेंबर १८५३ रोजी राणींचे आजारी पती, झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी आपल्याच घराण्यातला आनंदराव हा पाचेक वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन त्या वेळी हजर होते. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला, आणि त्याची बाजू निव्वळ दांडगाईची नव्हती, हे मुलांना सांगायला हवे. त्याचे म्हणणे असे की झाशीचे नेवाळकर हे मुळात पेशव्यांचे सुभेदार. पेशव्यांचा तिथला अधिकार १८१७ साली कंपनीकडे आला. तेव्हा गादी देणारी सत्ता आता कंपनी, आणि औरस वारस नसेल तर दिलेले परत घेण्याचा हक्कही तिचाच. शिवाय १८३५ साली झाशीचे राजे रामचंद्रराव यांच्या पश्चात त्यांचा दत्तक कंपनीने मानला नव्हता, हा दाखला त्याच्या हाताशी होता. यावर राणींचे उत्तर असे: १८१७ चा तह रामचंद्ररावांशी झाला तो त्यांच्या वारसांना धरून झाला, वारस कोण हे हिंदूंच्या घरात शास्त्र ठरवते, आणि शास्त्राने दत्तक हा वारसच, शेजारच्या ओरछा आणि दतिया संस्थानांत कंपनीने दत्तक मान्य केले आहेत, मग झाशीला वेगळा न्याय का? डलहौसी म्हणतो, ती जुनी स्वतंत्र राज्ये, झाशी दिलेले राज्य. राणी म्हणतात, दिलेले असले तरी तहाने दिलेले, आणि तह मोडता येत नाही. एलिससारख्या, झाशी जवळून पाहिलेल्या अधिकाऱ्याचा कल राणींकडे होता. एवढा नेटका, दोन्ही बाजूंनी लढवण्याजोगा वाद आठवी-नववीच्या वर्गाला आयता मिळणे ही शिक्षकाची चैन म्हणायची. आपण त्याऐवजी ‘डलहौसीने संस्थान खालसा केले’ एवढे एक वाक्य लिहितो आणि घोड्याकडे वळतो.

खालसा करण्याचा हुकूम झाल्यावरचा पत्रव्यवहार तर आणखी बोलका आहे. डलहौसीने दत्तकविधान सगळेच रद्द ठरवले नव्हते. खाजगी मालमत्तेपुरता दामोदरराव वारस, राज्यापुरता नाही, असा त्याचा निवाडा. म्हणजे बापाच्या श्राद्धाला आणि दागिन्यांना चालणारा मुलगा गादीला मात्र चालेना. आणि त्याची ती खाजगी मालमत्ता तरी हाती आली का? ती मुलगा सज्ञान होईपर्यंत कंपनीने आपल्याकडे ठेवली. त्याच्या मुंजीसाठी त्यातलीच काही रक्कम मागितली तेव्हा राणींना जामीन द्यावे लागले. राणींना महिना ५,००० रुपये तनखा ठरला, त्यातून गंगाधररावांचे कर्ज वळते करून घेण्याचा आग्रह धरला गेला. राज्य गेले तर राज्याचे कर्जही गेले पाहिजे, हे राणींचे म्हणणे कुठल्याही सावकाराला पटले असते. महालक्ष्मीच्या देवळाकडे लावून दिलेल्या गावांचे उत्पन्न आणि शहरातली गोहत्या हे आणखी दोन तक्रारींचे विषय. यातल्या एकाही तक्रारीला तलवारीचा खणखणाट नाही, आणि म्हणूनच त्या स्मरणातून गळाल्या. पण १८५७ मध्ये झाशीसारख्या शहरात माणसे का पेटली, हे समजून घ्यायचे तर वसुली, जामीन आणि देवळाची गावे यांच्यातूनच जावे लागते.

झाशी न देण्याबद्दलचा राणींचा जो सुप्रसिद्ध उद्गार शाळेच्या भिंतीवर लिहिला जातो, त्याची कथा इथे सांगण्यासारखी आहे. नाटक-सिनेमांत तो तटावरून, फौजेपुढे, तोफा डागल्या जात असताना येतो. प्रत्यक्षात तो ज्या पुस्तकातून आपल्यापर्यंत पोहोचला ते जॉन लँग या ऑस्ट्रेलियन वकिलाचे आहे, आणि प्रसंग १८५४ सालचा आहे. लँगने ज्योतिप्रसाद या कंत्राटदाराची बाजू कंपनीविरुद्ध लढवून जिंकली होती, म्हणून राणींनी त्याला मुद्दाम आग्ऱ्याहून झाशीला बोलावले. मध्ये पडदा, पलीकडे राणी, अलीकडे वकील. बोलणे रात्री उशिरापर्यंत चालले. मध्येच लहानग्या दामोदररावांनी पडदा बाजूला केला आणि क्षणभर लँगला राणी दिसल्या. हे मुलाच्या खोडीने झाले की ठरवून, हे त्याला सांगता आले नाही. त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या आहेत, असे त्याला राणींच्या दरबारी वकिलाने सांगितले होते. (जन्मसाल १८२८ धरायचे की चरित्रकार पारसनिसांप्रमाणे १८३५, या जुन्या वादात हे वय एका बाजूला वजन टाकतो, हे जाता जाता.) लँगचा सल्ला असा होता की तनखा निषेध नोंदवून घ्यावा आणि दाद विलायतेत मागावी. या सल्लामसलतीच्या ओघात, तनख्याला नकार देताना, राणींनी तो उद्गार काढला. म्हणजे भारताच्या इतिहासातली ही सर्वांत गाजलेली रणगर्जना एका कायदेशीर सल्ल्याच्या बैठकीत उच्चारली गेली. यामुळे ती उणी होते असे मला मुळीच वाटत नाही. उलट, तटावर ओरडायला तेवढ्यापुरते अवसान पुरते. तनखा समोर ठेवलेला असताना, वकील घ्या म्हणत असताना, नाही म्हणायला विचार लागतो.

आता इंग्रजांच्या स्मरणाकडे. जून १८५७ मध्ये झाशीच्या पलटणी उठल्या आणि ८ जूनला झोकन बागेत इंग्रज स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली. १२ आणि १४ जूनला राणींनी सागर प्रांताचा कमिशनर मेजर अर्स्किन याला पत्रे लिहिली. शिपायांच्या क्रौर्याचे दुःख त्यांत आहे, मूठभर पहारेकऱ्यांपलीकडे आपल्याजवळ फौज नव्हती म्हणून मदत करता आली नाही असे म्हटले आहे, वाडा उडवून देण्याची धमकी घालून शिपायांनी पैसे उकळल्याची कैफियत आहे, आणि मुलखाची व्यवस्था कशी लावावी याची विचारणा आहे. अर्स्किनने २ जुलैला उत्तर पाठवून कंपनीचा अंमल परत बसेपर्यंत राणींनीच कारभार पाहावा, वसूल गोळा करावा, पोलीस ठेवावेत असे कळवले. कलकत्त्याने मात्र यावर सावध पवित्रा घेतला: राणीची हकीकत खोटी ठरली तर अर्स्किनच्या पत्राचे संरक्षण तिला मिळणार नाही. पुढे हकीकत खोटीच, असे धरून चालणारे वाढत गेले. मध्य भारताच्या मोहिमेवर असलेला डॉक्टर टॉमस लो १८६० च्या आपल्या पुस्तकात राणींना बायबलातल्या दुष्ट जेझेबेल राणीची उपमा देतो. या आरोपाचा उपयोग उघड होता. राणी खुनी ठरली की १८५४ चा निवाडा आपोआप शहाणपणाचा ठरतो. असल्या बाईच्या हाती राज्य दिले नाही हे बरेच झाले, असे म्हणता येते.

पण त्याच पिढीत दुसरा सूरही लागला. ह्यू रोजने बंडवाल्यांच्या सगळ्या पुढाऱ्यांत राणीला शौर्यात पहिला नंबर दिला, आणि आपण आजही हे प्रशस्तिपत्र अभिमानाने मिरवतो. मिरवण्याआधी एक गोष्ट पाहावी. याच रोजला १८६६ साली उमरावपद मिळाले तेव्हा त्याने किताबात स्ट्रॅथनेअरच्या जोडीला झाशीचेही नाव घेतले. शत्रू जितका मोठा तितका किताब मोठा. त्यानंतर कादंबरीकारांची रांग लागली. १९०१ मध्ये मायकेल व्हाइटने तिला भारताची जोन ऑफ आर्क करून टाकले. एकाने बायबल उघडले, दुसऱ्याने फ्रान्सचा इतिहास. झाशीचे दप्तर उघडायची गरज दोघांनाही भासली नाही. निंदा आणि स्तुती यांत जमीनअस्मानाचा फरक दिसतो, पण दोन्हींत राणी ही स्वभावाने पेटलेली बाई आहे: सूडाने तरी, नाहीतर शौर्याने तरी. तिचा काही न्याय्य दावा होता, तो ऐकून घेऊन नाकारला गेला, हे दोन्हींत नाही.

आपले स्मरणही सरळ नाही. मराठीत राणींचे पहिले मोठे चरित्र दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे, १८९४ चे. त्यांनी कागदपत्र मिळवले, माहितगारांना विचारले, आणि मार्टिन नावाच्या इंग्रजाचे दामोदररावांना लिहिलेले पत्र छापले, ज्यात झोकन बागेच्या कत्तलीशी राणींचा संबंध नव्हता असे म्हटले आहे. पारसनिसांची राणी निरपराध आहे, अन्याय झालेली आहे, नाइलाजाने लढलेली आहे. पंधरा वर्षांत सावरकरांचे १८५७ वरचे पुस्तक आले आणि त्यातली राणी स्वातंत्र्यसमराची जाणती नायिका झाली. दोन्ही लेखक मराठी, दोघांचा जिव्हाळा खरा. तरी एका राणीचे दोन स्वभाव. पारसनिसांना सरकारच्या राज्यात तिच्या माथ्यावरचा डाग पुसायचा होता, सावरकरांना त्याच सरकारविरुद्ध पेटवायचे होते. दुसऱ्या चित्राने पहिल्यावर मात केली, आणि ते स्वाभाविकच होते. सुभद्राकुमारी चौहानांची कविता, वृंदावनलाल वर्मांची १९४६ ची कादंबरी, सिंगापुरात १९४३ मध्ये सुभाषबाबूंनी उभी केलेली राणी झाशी रेजिमेंट, सोहराब मोदींचा १९५३ चा चित्रपट, सगळे त्याच वाटेने गेले. स्वातंत्र्य मिळवायचे होते, किंवा नुकते मिळाले होते. वकिलाशी बोलणारी राणी त्या कामाची नव्हती. १९५७ साली शताब्दीच्या निमित्ताने सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार या दोघांनी कागद तपासून सांगितले की राणी आधीपासून कटात नव्हत्या. मजुमदार तर १८५७ ला पहिले स्वातंत्र्ययुद्ध म्हणायलाच तयार नव्हते. अभ्यासकांनी ते वाचले, पुतळ्यांच्या समित्यांनी वाचले नाही.

माझे म्हणणे आता थोडक्यात मांडता येईल. इंग्रजांना राणी घोड्यावर हवी होती, कारण घोड्यावरच्या राणीशी लढून जिंकता येते. खलिता लिहिणाऱ्या राणीला उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर लंगडे होते. आपल्याला ती घोड्यावर हवी होती, कारण खलिता लिहिणारी राणी कंपनीकडे दाद मागते, जुलै १८५७ नंतर कंपनीच्या वतीने कारभार पाहते, आणि हे आपल्या नायिकेच्या कल्पनेत बसत नाही. दोघांनी मिळून तिचे राजकारण काढून घेतले आणि धाडस तेवढे ठेवले. इंग्रजांचे सोडून देऊ. आपले नुकसान असे झाले की बंडाचा अर्थच पातळ झाला. सगळे दरवाजे ठोठावून, एकेक बंद होताना पाहून मग हत्यार उचललेल्या राज्यकर्तीचे बंड आणि जन्मतःच बंडखोर असलेल्या वीरांगनेचे बंड, यांत पहिल्याचा आरोप सत्तेवर कितीतरी जड बसतो. इंग्रजी राज्य कायद्याचे राज्य होते या दाव्याला झाशीच्या दप्तराइतके नेमके उत्तर घोड्याच्या टापांत सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ती पत्रे म्हणजे गनिमी कावा होता, वेळ काढण्यासाठी लिहिलेली, त्यावरून राणी कंपनीला अनुकूल होती असे मुलांना का सांगावे? काव्याची शक्यता मी नाकारत नाही. अर्स्किनला लिहिलेला प्रत्येक शब्द मनापासूनचा होता, असे कोण म्हणेल? पण त्या महिन्यांत झाशीभोवती काय चालले होते ते बघा. गादीवर हक्क सांगणाऱ्या सदाशिवराव नारायणाने करेऱ्याचा किल्ला घेतला. कंपनीशी एकनिष्ठ म्हणवणाऱ्या ओरछा संस्थानचा दिवाण नत्थे खाँ फौज घेऊन झाशीवर चालून आला. राणींनी दोघांनाही परतवले, पण या लढाया चालू असताना आपण कंपनीच्या परवानगीने राज्य करत आहोत हे दाखवणे त्यांच्या हिताचे होते आणि इंग्रजांची मदत मागणेही साहजिक होते. म्हणून मला ती पत्रे बरीचशी खरी वाटतात. १८५८ च्या सुरुवातीपर्यंत उत्तराची वाट पाहून झाली. उत्तर आले नाही, आली ती रोजची फौज, आणि तिच्यामागून खटला व फास येणार हे दिसत होते. ही भीती खोटी नव्हती: झाशी पडल्यावर राणींचे वडील मोरोपंत तांबे पकडले गेले आणि त्यांना फाशी देण्यात आली. माझा हा निष्कर्ष कुणाला पटणार नाही, न पटो. दोन्ही निष्कर्ष कागदांवरून काढता येतात, आणि इतिहासाच्या तासाला मुलांनी हेच तर करायचे. काव्याचा पक्ष घेणाऱ्याला तरी निदान राणीच्या मुत्सद्देगिरीला जागा द्यावी लागते. आजच्या चित्रात तिलाही जागा नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो भक्तांकडून येत नाही. राणी आपल्या मुलाच्या गादीसाठी भांडत होत्या, दत्तकाचा खटला हा एका ब्राह्मण राजघराण्याच्या वारसाहक्काचा खटला. त्यात झाशीच्या कोष्ट्याला, कोऱ्याला, बुंदेल्या शेतकऱ्याला काय होते? आणि हाच खटला पुस्तकात आणायचा म्हणजे पुन्हा राजघराण्याचाच इतिहास. अर्धे खरे आहे. खलित्यांतली भाषा गादीचीच आहे, राष्ट्राची नाही, आणि ती तशी आहे हे दडवू नये. ज्यांची साक्ष पुढे येईलच, त्या गोडसे भटजींना काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेल्या, धुळीने माखलेल्या, पुरुषी वेशातल्या राणीही देशाचे नाव घेत नाहीत. पोटाला अर्धा शेर तांदूळ पुरणाऱ्या विधवेने हा उद्योग अंगावर घेतला तो धर्माच्या अभिमानाने, अशा अर्थाचे बोलतात. पण म्हणूनच घोड्यावरची एकटी राणी हे उत्तर नव्हे. त्या चित्रात तर कुणालाच जागा नाही. तोफांवरचा गुलाम गौस खाँ, बुंदेले, विलायती म्हणून ओळखले जाणारे पठाण, तटाला दगड पोहोचवणाऱ्या बायका, हे सगळे राज्यकर्ती राणी समोर आली की दिसू लागतात, कारण राज्य एकटीने चालत नाही. राणींच्या बाजूने लढल्याचे सांगितले जाते त्या झलकारीबाईंचे स्मरण बुंदेलखंडातल्या कोरी समाजाने आणि पुढे दलित चळवळीने जपले आणि २००१ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. राणीच्या चित्रात आपण शिरत नाही, हे कळल्याशिवाय कोणी वेगळे चित्र काढायला घेत नाही. बहुतेक माहिती लोककथांतून आलेली असल्याने झलकारीबाईंच्या बाबतीत पुस्तकाने तसे सांगावे. तसे सांगितल्याने त्यांचा मान कमी होत नाही.

मराठी वाचकासाठी या खटल्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्याच पुस्तकात यायला हवी, उत्तर प्रदेशाच्या पुस्तकात ती कोण घालणार? साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये गेले, नागपूरचे आणि झाशीचे १८५४ पर्यंत. सहा वर्षांत तीन मराठी घराणी, एकाच तत्त्वाखाली. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे राहिले आणि हात हलवीत परतले. नागपूरच्या भोसल्यांच्या राण्यांनी तक्रारी केल्या, आणि त्यांच्या जडजवाहिरांचा लिलाव झाला. राणींना लँगने विलायतेला दाद मागा म्हटले तेव्हा त्या वाटेचा शेवट कुठे होतो हे आपल्या मुलखाने आधीच पाहिले होते. कोकणातून आणि खानदेशातून गेलेले नेवाळकर, कऱ्हाडे तांबे, काशीत जन्मलेली आणि बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला वाढलेली मनू, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, असा मराठी धागा आपण वंशाच्या कौतुकापुरता सांगतो. तो या अर्जांच्या धाग्याशी जोडला तर १८५७ हे उत्तरेत कुठेतरी घडलेले प्रकरण राहत नाही. आणि त्या वादाचा निकाल काय लागला तेही सांगा. १ नोव्हेंबर १८५८ ला अलाहाबादेत राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला, त्यात आणखी मुलूख न घेण्याचे आणि संस्थानिकांचे हक्क पाळण्याचे वचन होते. १८६२ पर्यंत व्हाइसरॉय कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. १८५४ च्या फेब्रुवारीत झाशीच्या खलित्यात जे मागितले होते तेच आठ वर्षांनी सरकारने सगळ्यांना दिले, झाशी वगळून. दामोदरराव तोवर इंदूरला कंपनीच्या, म्हणजे आता सरकारच्या, तुटपुंज्या पेन्शनीवर वाढत होते.

हे सगळे लहान मुलांना झेपणार नाही, असे आपल्यापैकी कुणी म्हणेल. चौथीतल्या मुलांना घोडाच द्या. त्या वयाला घोडा हवा. प्रश्न आठवीनंतरचा आहे, जिथे आपण साधने, पुरावे, दृष्टिकोन असे शब्द शिकवतो आणि उदाहरण द्यायची वेळ आली की पुन्हा गोष्ट सांगतो. साधने इंग्रजांनी जपलेली आहेत म्हणून ती अविश्वसनीय, हेही पूर्णपणे टिकत नाही. खलित्यांतला दावा राणींचा आहे, तो फाइलीत इंग्रजांनी ठेवला एवढेच. त्यांच्या विरुद्ध जाणारे कागदही त्याच फाइलीत आहेत.

आणि इंग्रजांच्या फाइलीबाहेरचा एक साक्षीदार तर आपल्या घरचा आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाची दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि वेढ्यात अडकले. शहर पडल्यावर दिवसचे दिवस चाललेली कत्तल आणि लूट, ग्रंथसंग्रहाची झालेली राखरांगोळी त्यांनी पाहिली. पण त्यांच्या लेखनातली मला अधिक मोलाची वाटते ती एक साधी हकीकत. थंडीचे दिवस, राणी महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतत असता भिकाऱ्यांचा जमाव दरवाजाशी अडवून ओरडू लागला. काय भानगड आहे हे राणींनी दिवाणाला विचारायला लावले. थंडीने मरतो आहोत, पांघरूण द्या, असे कळले. चार दिवसांत शहरातल्या प्रत्येक गरिबाला टोपी, बंडी आणि घोंगडी द्या, असा हुकूम झाला आणि शिंपी कामाला लागले. राज्य म्हणजे काय याची व्याख्या मुलांना यातून कळते.

गोडशांनी हे पंचवीसएक वर्षांनी आठवून लिहिले, त्यामुळे तारखा आणि आकडे यांत चुका आहेत. त्या दाखवून द्याव्यात. एक विनंती मात्र आग्रहाची. उतारा घ्याल तो १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी आपल्या पद्धतीने फेरफार करून छापलेल्या आवृत्तीतून नको, दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेल्या आवृत्तीतून घ्या. त्याच्या समोरच्या पानावर राणींच्या १८५४ च्या खलित्याचा आणि अर्स्किनच्या २ जुलैच्या पत्राचा सरळ मराठी अनुवाद छापा, खाली डलहौसीची बाजू त्याच आकाराच्या अक्षरात द्या, आणि प्रश्न एकच विचारा: तुम्ही कलकत्त्याच्या कौन्सिलात बसला असता तर कोणाच्या बाजूने मत दिले असते, आणि कोणत्या कागदाच्या आधारावर?

आपला,
एक वाचक